नावाड्याची बायको

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकलात की डोळा लागतो, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नाही. तशी लहानशीच आहे. राजा नाही, राणी नाही, भिलाईच्या कारखान्यातला एक खलाशी आहे आणि त्याचं घर आहे. पण उठाल तेव्हा आपल्या माणसाकडे जरा निराळ्या नजरेनं पाहाल, एवढा शब्द मी आधीच देऊन ठेवतो.

तर मार्गशीर्षातल्या त्या रविवारी, पाचच्या सुमाराला, सेक्टर एकच्या मैदानातल्या मांडवात विजयकुमार आपल्या वडिलांच्या डोक्यावर कानयंत्र बसवत होता. लष्कराच्या जुन्या मालातून नागपूरला मिळालेलं, दोन्ही कानांवर काळ्या वाट्या येणारं. त्याची तार सतरंजीखालून थेट लाउडस्पीकरच्या पेटीपर्यंत गेली होती. बुवा गादीवर उभे राहून वीणा जुळवत होते. सप्ताहाचा पाचवा दिवस, मांडव गच्च भरलेला. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. आणि शामराव पुरुषांच्या पहिल्या रांगेत, डोक्यावर यंत्र घेऊन, हजामतीला बसलेल्या माणसासारखे अवघडून बसले होते.

"काय गा शामराव, इमान उडवून राहिला का आभाळात?" मागून शेजारचा जानराव म्हणाला. रांग हसली. शामरावांना ते ऐकू आलं नाही. त्यांना गेली तीन वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं.

शामराव मूळचे वर्ध्याकडचे. वडील रेल्वेत गँगमन होते, त्या लाइनीनं हे कुटुंब दुर्गला आलं. सत्तावन्न साली कारखाना उभा राहू लागला तेव्हा शामराव खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. लोखंडाच्या तुळया साखळदंडात बांधायच्या आणि खाली उभं राहून वरच्या क्रेनवाल्याला हातानं सांगायचं, उचल, थांब, हळू, खाली घे. तोंडानं सांगून उपयोग नसे. एका बाजूला जमिनीत खांब ठोकणारा घण, दुसऱ्या बाजूला रिव्हेट मारणारे. त्यातून रशियन साहेब, पंजाबी फोरमन, छत्तीसगढी मजूर, मद्रासकडचे वेल्डर. कोणाची भाषा कोणाला कळावी? हात मात्र सगळ्यांना कळत. बोट वर करून फिरवलं की हापिस, म्हणजे उचल. बोट खाली करून फिरवलं की आरिया, म्हणजे उतरव. शामरावांनी असे हजारो टन उचलले आणि उतरवले, कोणाच्या नखाला धक्का लागू दिला नाही. त्या घणानं कान तेवढे घेतले. साहेबानं पुढं त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. शामरावांनी त्याबद्दल देवाचे आभारच मानले. कान गेले, पण बोटं दहाच्या दहा शाबूत होती.

दुःख एकच होतं. कीर्तन. हा माणूस लहानपणापासून कीर्तनावर वाढलेला. कुम्हारीला बुवा आले तर कुम्हारीला, दुर्गला आले तर दुर्गला, चालत जायचा. आणि कान गेल्यावरही जात राहिला, हेच तर लोकांच्या हसण्याचं कारण झालं होतं.

विजय दुर्गच्या कॉलेजात सायन्सला होता. काकांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचा आणि रविवारी घरी यायचा. टेलिफोन, रेडिओ, तारायंत्र, यांचं त्याला वेड होतं. माणसाचा शब्द तांब्याच्या तारेत शिरतो आणि शंभर कोसांवर पुन्हा माणसाच्या आवाजात बाहेर पडतो, हे वर्गात ऐकलं त्या दिवशी त्याला रात्रभर देवळात बसून आल्यासारखं वाटलं होतं. एवढं दूर जर शब्द जातो, तर गादीपासून पहिल्या रांगेपर्यंत दहा हात का जाऊ नये? वहीत त्यानं चित्र काढलं होतं: बुवांचं तोंड, माइक, पेटी, तार आणि शेवटी बाबांचा कान.

दुसरंही एक कारण होतं, ते त्यानं वहीत लिहिलं नव्हतं. महिन्यापूर्वीच्या एका रविवारी नळावर जानराव त्याला म्हणाला होता, "तुहा बाप कीर्तनात बुवाकडं पाहातच नाही ना बे. तुह्या मायकडंच पाहात राह्यते. या वयात!" विजयच्या कानशिलांना आग लागली. त्या दिवशी कीर्तनात त्यानं नीट पाहिलं, तर खरंच. बाबांचे डोळे बायकांच्या बाजूला. पुढं बसलेली माय मान खाली घालून मांडीवर हात चाळवत होती, लाजल्यासारखी. त्याहून जास्त बघायला तो थांबला नाही.

म्हणून यंत्र आणलं, आणि आजच सकाळी मायला सांगितलं की तू मागं बस. भागीरथाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी कारण विचारलं नाही. एवढंच विचारलं, "त्याइले खरंच आयकू येईन ना, विजू?"

"येईलच, माय. हे सायन्स आहे."

"मंग देव पावला," त्या म्हणाल्या. आणि संध्याकाळी सगळ्यात मागं, खांबाच्या आड जाऊन बसल्या.

बुवांनी नमन केलं, निरूपण झालं. विजय पेटीचं बटण हळूहळू फिरवत बाबांचा चेहरा पाहत होता. आधी काहीच नाही. मग शामरावांच्या कपाळाला आठी पडली. विजयनं आवाज आणखी वाढवला. शामरावांनी डोळे मिटून घेतले, दात आवळले. बुवा आख्यानाला लागले तेव्हा शामरावांनी यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि बायकांच्या बाजूला पाहिलं. पहिली रांग पाहिली, दुसरी पाहिली. गर्दीत हरवलेलं पोर पाहावं तसं पाहिलं. मग यंत्र सतरंजीवर ठेवून उठले आणि मांडवाबाहेर चालते झाले.

आरतीआधी शामराव कीर्तनातून उठले! आजवर असं झालं नव्हतं. मांडवात कुजबुज झाली. विजय मागोमाग पळाला. मांडवामागं सायकली लावल्या होत्या, तिथं शामराव उभे होते.

"त्यात बुवा नाही बापू," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "घण हाये त्यात. खांब ठोकून राहिले जसे. तुह्या मनानं केलं तू, लेकरा, लय केलं. पण मले घण नाही पायजे, गोष्ट पायजे. तुही माय कुठी बसली?"

विजयनं हातानं मागं दाखवलं.

"कावून?"

का ते ओरडून कसं सांगायचं? सगळा मांडव ऐकणार. विजयनं खिशातली वही काढली आणि चित्राच्या खाली लिहिलं, लोक हसतात. तुम्ही तिच्याकडे बघता म्हणून.

शामरावांनी वही डोळ्यांपासून लांब धरून वाचली. "हासू दे ना," ते म्हणाले. "मले कुठी आयकू येते त्याइचं हासनं?" मग आवाज जमेल तेवढा खाली आणून म्हणाले, "बुवा काय सांगून राहिले ते तुही माय मले सांगते. हातानं. हापिस, आरिया, सबन येते तिले. मी शिकत होतो तवा तिलेच क्रेन करत होतो. चुलीपुढं बसून माह्या बोटावर भाताचा गंज उचले, गंज उतरवे. आता मी क्रेन अन् थे खलाशी."

विजयनं वहीकडं पाहिलं. मांडीवर हात चाळवणारी माय त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्याच्या चित्रात तोंड होतं, तार होती, कान होता. माय कुठंच नव्हती.

तो वडिलांना हात धरून आत घेऊन आला, त्यांच्या जागेवर बसवलं, आणि सरळ बायकांच्या बाजूला शिरला. पदर सावरले गेले. वाटेत बसलेल्या ठकूबाई म्हणाल्या, "पोट्ट्या, वाट चुकला का?" त्यानं हात जोडले आणि खांबापाशी जाऊन मायला म्हणाला, "माय, पुढं चल."

"राहू दे. मी अठीच बरी. लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. बाबाले तू दिसून नाही राहिली." विजय काकांकडं राहायला गेल्यापासून शहरी बोलायचा, घरची बोली किती दिवसांनी तोंडात आली. "मी चुकलो, माय. चल."

ठकूबाईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा पलीकडं शामरावांकडं. मग स्वतः सरकल्या आणि पुढच्यांनाही सरकवलं. बुवा जुने जाणते. त्यांनी आख्यान थांबवलं, नाम धरलं, आणि भागीरथाबाई पहिल्या रांगेत येऊन बसेपर्यंत टाळ चालू ठेवले. मग म्हणाले, "बसल्या माउली? तर मग नाव पाण्यात घालू."

आख्यान एका नावाड्याचं होतं. नदीला पूर, नाव मध्येच फुटते, आणि नावेतल्या एका म्हाताऱ्या उतारूला नावाडी खांद्यावर घेतो. भागीरथाबाईंचं बोट वर जाऊन फिरलं. हापिस. मग एका हाताच्या तळव्याखाली दुसऱ्या हाताचं बोट हळू हळू चालू लागलं. सांभाळून, ओझं नाजूक आहे. पाणी छातीशी आलं, मूठ आवळली, थांब. शामराव पुढं झुकले होते. त्यांच्या खांद्यावर खरंच कोणी बसलं असावं असे त्यांचे खांदे ताठ झाले होते. पलीकडचा काठ आला. नावाडी वाकला. भागीरथाबाईंचं बोट खाली वळलं, आरिया, आरिया, अगदी सावकाश. आणि बुवा म्हणाले की नावाड्यानं वळून पाहिलं तर म्हातारा नव्हता, ओल्या वाळूवर उमटलेली नुसती दोन पावलं होती. भागीरथाबाईंनी दोन्ही हात उघडून दाखवले. रिकामे. साखळी सुटली, ओझं गेलं.

शामराव रडले. मांडवच रडला म्हणा. जानराव उपरण्यानं नाक पुसत होता, आणि बुवांकडं नव्हे, भागीरथाबाईंच्या हातांकडं पाहत होता. विजयनं पेटीच्या आडून डोळे पुसले आणि मनात त्या घराला नमस्कार केला, जे त्याला फुकटात मिळालं होतं.

आरती झाली, प्रसाद झाला. तिघं घराकडं निघाले. वाटेत शामराव बायकोला गोष्ट सांगू लागले, त्याच मोठ्या आवाजात, रस्ताभर ऐकू जाईल अशी. विजय म्हणाला, "माय, तू तं आत्ताच ऐकली ना?"

"कुठी आयकली?" भागीरथाबाई म्हणाल्या. "हातात ध्यान असते माहं. पुढचं काय सांगू, थांबाचं कुठी, यातच जाते सबन. गोष्ट मले हेच सांगतेत, घरी जाता जाता. दर खेपेले."

शामराव सांगत होते. पूर होता, नाव होती, म्हातारा होता. आणि पलीकडच्या काठावर, त्यांनी सांगितलं, नावाड्याची बायको कंदील धरून उभी होती, म्हणून त्याला काठ दिसला.

बुवांच्या आख्यानात बायकोही नव्हती आणि कंदीलही नव्हता. विजयनं तसं म्हटलं नाही. तो दोन पावलं मागं राहून ऐकत चालला.

श्रोतेहो, शामरावांना विसरलात तरी चालेल, ते रागावणार नाहीत. पुढच्या कीर्तनाला बसाल, टाळ थांबतील, गोष्ट रंगात येईल, तेव्हा एक क्षण त्या भागीरथाबाईंची आठवण करा.