बिनतारी रेडिओच्या तीन तारा

गिरगावातलं वडिलोपार्जित घर धाकट्या भावाला गेलं आणि चिंतामणराव त्रिलोकेकरांच्या वाट्याला आली चिंचपोकळीची तीन मजली चाळ. भाडेकरू सगळे गिरणीतले, कोकणातले. त्यांच्यात राहायचं म्हणजे मालकाला काहीतरी वेगळेपण हवं, म्हणून चिंतामणरावांनी रेडिओ घेतला. अख्ख्या चाळीत एकच. त्या दिवसापासून त्यांचा भाव असा वधारला की विचारू नका. निदान त्यांना तरी तसं वाटायचं.

बिनतारी यंत्र, बिनतारी यंत्र, उठता-बसता तोच जप. तारेचं युग संपलं, तार म्हटली की ती कुठे ना कुठे तुटणारच, हवेतून येणाऱ्या बातमीला कोण अडवणार, हे व्याख्यान भाडेकरूंना नळावर हंडा भरेपर्यंत ऐकावं लागे. आता या बिनतारी यंत्राला तारा किती होत्या? मोजून तीन. एक विजेची. एक एरियलची, ती गॅलरीच्या कठड्याला बांधलेल्या बांबूवरून गच्चीवर गेलेली. तिसरी अर्थिंगची, खरं तर जमिनीत पुरायची, पण तिसऱ्या मजल्यावर जमीन कुठून आणणार? ती बायकोच्या तुळशीच्या कुंडीत खोचली होती. माती सुकली की रेडिओचा घसा बसे. म्हणून सुमतीबाईंना दिवसातून दोनदा तुळशीला पाणी घालायची ताकीद होती. पाणी तुळशीला, पुण्य रेडिओला.

त्याच बांबूला आणखी एक दोरी बांधलेली होती आणि ती मालकांच्या डोळ्यांत खुपायची. गिरणीतल्या टाकाऊ सुताची, चाळीतल्या बायकांनी वळलेली. गल्लीपलीकडच्या चाळीच्या गॅलरीपासून इथपर्यंत ताणलेली, दोन्हीकडे कप्पी, आणि मध्ये एक टोपली ये-जा करणारी. इकडून कालवण गेलं की तिकडून भांडं रिकामं यायचं नाही, हा नेम. मूठभर तांदूळ, चार सुके बोंबील, काहीच नसलं तर चिठ्ठीवर दोन शब्द. दोन हिसके म्हणजे ओढ, तीन म्हणजे थांब. सुमतीबाईंनाही त्या टोपलीचा भारी लळा. पण टोपली निघाली की बांबू हले, बांबू हलला की एरियल हले, आणि ऐन बातम्यांत खरखर सुरू होई. शंभर वेळा सांगून झालं होतं. बायका ऐकतात कुठे!

मग छप्पन सालचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही हे कळलं आणि सारं गिरणगाव रस्त्यावर आलं. लाठ्या, गोळ्या, वर संचारबंदी. चाळीतला दगडू आदल्या दुपारी मोर्चाला गेला तो परत आलाच नव्हता. खाली गल्लीत पोलीस मोर्चातली माणसं हुडकत फिरत होते, त्यामुळे गॅलरीतून कोणाचं नाव घेऊन हाक मारायची सोय नव्हती. दगडूची बायको शेवंती सकाळीच मालकांच्या उंबऱ्याशी येऊन बसली. डोळ्याला डोळा लागला नव्हता बिचारीचा.

चिंतामणराव मनातून सुखावले. श्रोता मिळाला ना! त्यांनी तिला समजावलं की काही बरंवाईट झालं असतं तर रेडिओने सांगितलं असतं, रेडिओ सांगत नाही त्या अर्थी काही झालेलं नाही, तेव्हा उगाच जीव टांगणीला लावू नकोस. सुमतीबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. तिने तो घेतला नाही.

सकाळच्या बातम्या लागल्या. परिस्थिती आटोक्यात आहे, असं निवेदक सांगू लागला आणि बांबू हलला. दोन हिसके. समोरच्या गॅलरीत शेवंतीची मावसबहीण कमल उभी होती. ओठांवर बोट, नजर टोपलीवर. शेवंती धडपडत उठली आणि दोरी ओढू लागली.

रेडिओ खरखरला. नेमकं महत्त्वाचं वाक्य गेलं. चिंतामणरावांचं डोकंच फिरलं. पानाच्या तबकातला अडकित्ता उचलून ते गॅलरीत आले, आणि सुमतीबाई "अहो, अहो" म्हणेपर्यंत दोरी कापून मोकळे झाले. अर्ध्या वाटेवरची टोपली खाली गेली. आत आवाज कसा खणखणीत झाला. शहरात शांतता आहे, असं तो म्हणाला.

गल्लीत एका हवालदाराने टोपली उचलली. उपाशी असावा. त्याने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, आणि दुसरी भाकरी उचलतो तर खाली चिठ्ठी. घास तोंडात तसाच ठेवून त्याने ती वाचली. मग मान वर करून कमलच्या गॅलरीकडे पाहिलं आणि साहेबाला हाक मारली.

मराठी बातम्या संपून इंग्रजी लागल्या. मालक त्याही ऐकत, खात्री दोन भाषांत केलेली बरी म्हणून. तेवढ्यात समोरच्या जिन्यातून दगडूला खाली आणलं. दोघांनी बखोटीला धरलं होतं. पोटरीला कमलचं लुगडं फाडून गुंडाळलेलं, ते रक्ताने भरलेलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून कमल गॅलरीतून मोकळ्या गळ्याने ओरडून सांगू लागली. चिठ्ठी मालकांच्याच चाळीतल्या गणपत कंपाउंडरला होती. गोळी आत राहिलीय, मागच्या बोळातून ये, एवढंच तिच्यात लिहिलं होतं.

शेवंती जिने उतरून धावली. दारावरच्या शिपायाने काठी आडवी धरून तिला मागे ढकललं. दगडूने एकदा वळून बघितलं आणि गाडी निघून गेली.

ती परत वर आली. आपल्या खोलीकडे वळली नाही, तिन्ही जिने चढून मालकांच्याच उंबऱ्याशी आली. सुमतीबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. चिंतामणराव खुर्चीत होते. अडकित्ता अजून हातातच होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांना वाटलं, ही आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मालकांनू," शेवंती म्हणाली, "आवाज आता साफ येता मां?"

इंग्रजी बातम्या अजून पाच मिनिटं चालल्या. त्यातला एक शब्दसुद्धा खरखरला नाही.