उडाणटप्पू : भाग नववा

उडाणटप्पूच्या नवव्या भागाचं काम सुरू झालं, त्या सोमवारपासून आठव्या भागानंतर आलेली कुठलीही गोष्ट लोकांना दिसेनाशी झाली. उडाणटप्पू हा आमच्या कंपनीच्या व्हिडिओ गेमचा नायक. पिवळी माकडटोपी घालून छपराछपरांवरून उड्या मारतो. आठही भागांत तेच करतो. ऑफिसातल्या नव्या कॉफीच्या यंत्रावर लोक आपटायचे आणि हवेला सॉरी म्हणायचे. नव्याने लागलेल्या दोन मुली आठवडाभर सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणत हिंडल्या आणि मग यायच्या बंद झाल्या. आमच्याकडे नव्याचे नऊ दिवससुद्धा उरले नव्हते.

मला दिसत होतं, कारण नवं काही काढणारी मी एकटीच होते. मी एका वेगळ्याच गेमची चित्रं काढली होती. त्यात एक लहान मुलगी नदीच्या तळावरून चालत आजोळी जाते. चेहरा माझ्या मुलीचा, केतकीचा होता. आमचे मालक दातार सर यांनी त्याच सोमवारी ती चित्रं उलटसुलट करून पाहिली.

“कागद चांगला आहे,” ते म्हणाले. “यात टप्पू कुठाय?”

“यात तो नाही, सर.”

“मग यात काहीच नाही, सुनेत्रा.”

त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने, अंबरीशने, दोनच ताटं घेतली. तो याच कंपनीत गेमचे आवाज करतो.

“केतकीचं?” मी विचारलं.

“कोणाचं?”

तो चेष्टा करत नव्हता. आठवा भाग येऊन पाच वर्षं झाली होती आणि केतकी चार वर्षांची. ती रडायला लागली तेव्हा त्याने कान दिला आणि म्हणाला, “नळ गळतोय कुठेतरी.” उठून त्याने घरातले सगळे नळ घट्ट केले. मला त्याचा इतका संताप आला की तिसरं ताट मी त्याच्यापुढे आपटलं.

सकाळी शाळेची व्हॅन न थांबता गेली. सोसायटीच्या फाटकात एका स्कूटरवाल्याने सरळ केतकीच्या अंगावर गाडी घातली. मी ओढली म्हणून वाचली. तो थांबला आणि मला म्हणाला, “काय ताई, मध्येच काय धावताय?”

मी दातार सरांकडे गेले. म्हटलं, माझी मुलगी कोणाला दिसत नाही.

“लोकांचा काय दोष?” ते मायेने म्हणाले. “ओळखीचं असलं की जीव रमतो. जुनं ते सोनं.” त्यांनी कपाटातून एक पिवळी माकडटोपी काढून दिली.

मला ती टोपी अगदी नकोशी होती. पण स्कूटर डोळ्यांपुढून जात नव्हती. मी केतकीला टोपी घातली.

“अरे, टप्पू!” अंबरीशने तिला उचलून गरागरा फिरवलं. व्हॅनवाले काका हॉर्न वाजवत थांबू लागले. शाळेत बाईंनी तिला पुढे बसवलं. केतकी खूश होती. सोफ्यावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर उड्या मारायची. केतकी म्हणून हाक मारली तर वळायची नाही.

मी तिची टोपी उतरवतच नव्हते. जेवताना, झोपताना, आंघोळीतसुद्धा. ऑफिसात मी नवव्या भागाची छपरं रंगवत होते. एकदा नदीची चित्रं बाहेर काढली, तर कागद कोरे होते. वाटलं, काढायचीच राहिली असतील. मी ते परत खणात ठेवले.

लोकर कुबट झाली होती आणि तिचं डोकं खाजत होतं. म्हणून रविवारी डोक्यावरून न्हाऊ घालायला तिला बाथरूममध्ये नेलं. पाणी कोमट केलं, शिकेकाई भिजवली आणि टोपी काढली.

समोर बादली होती, तांब्या होता आणि पाट होता. पाट रिकामा होता.

“केतकी,” मी म्हणाले.

कुठेतरी नळ गळत होता. माझ्या दोन्ही गालांना लहान ओले हात लागले. मी टोपी हवेत धरून डोकं शोधू लागले.