दात खाण्याचा आवाज

"झोपेत दात खाता का तुम्ही?" डॉक्टर नेत्राने विचारलं.

"मला कसं कळंल? मी झोपलेली असते," सगुणाबाई म्हणाल्या.

"घरातलं कुणी कधी बोललं असेल."

"घरात मी एकटीच हाय."

मुरूडच्या त्या दवाखान्यात समोरच्या ट्रेमध्ये त्यांची बसवलेली दाढ पडली होती. आतला स्क्रू तुटला होता. तोही साधा आमटीभात खाताना.

"भातानं लोखंड तुटतं व्हय?"

"भातानं नाही तुटला," नेत्रा म्हणाली. "आपल्या दाताच्या मुळाभोवती मऊ पडदा असतो. चावलं की दात किंचित दबतो. जेटीला टायर बांधतात ना, बोट लागली की धक्का टायर खातो, तसं. या दाढेला तो पडदा नाही. खुंटी थेट हाडात. सरळ चावण्याचा जोर ती सोसते, पण दात आडवे घासले की सगळा ताण खुंटीच्या मानेपाशी येतो. तिथेच स्क्रू थकत गेला. तुमचं हाड बारीक म्हणून मी खुंटीही बारीक घातली होती."

"आता?"

"तुम्ही दात खात असाल तर हाड भरून घेऊन जाड खुंटी घालू, दाढेचा माथा सपाट ठेवू. झोपताना दातांवर घालायला पट्टीही देईन. बाकीचे दात झिजलेत, पण ते वयानंही असेल. एकदा कुणाला तरी जवळ बसवून ऐकायला सांगा."

आगरदांड्याला परतताना एसटीत सगुणाबाई नवऱ्याचाच विचार करत होत्या. दयारामची झोप फार सावध. त्यांनी कूस बदलली तरी तो विचारायचा, "काय झालं?" पण दात खाण्याचं त्याने कधी नाव काढलं नव्हतं. म्हणजे हे असलंच, तर तो गेल्यावर सुरू झालेलं.

खारघरला राहणाऱ्या लेकीला, कल्पिताला, त्यांनी फोन केला.

"आई, मोबाइल उशाशी ठेव. रेकॉर्डिंग होतं त्यात."

"बरं," त्या म्हणाल्या. पण मोबाइल काही त्यांनी उशाशी ठेवला नाही.

शेजारच्या मैनाला विचारायला त्यांना दोन दिवस लागले. माझ्या झोपेपाशी येऊन बस, हे कुणाला सांगायचं तरी कसं? शेवटी नळावर हंडा भरता भरता बोलून गेल्या.

"येवढंच ना वयनी?" मैना म्हणाली. "दुपारची येते की."

ती आली ती सुपात करंदी, सुकी बारीक कोळंबी, घेऊन. दाराशी बसून निवडू लागली. सगुणाबाई तिच्याकडे पाठ करून चटईवर पडल्या. आता कसली झोप येते, असं वाटलं त्यांना. पण सुपातली सळसळ ऐकता ऐकता डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन अंगणाच्या पार टोकाला गेलं होतं.

"खातेस गं वयनी," मैना म्हणाली. "सुपारी फोडल्यासारखा आवाज येतो. मधीच थांबतेस, कोण आलं का ऐकतेस जशी. मंग परत चालू."

सगुणाबाईंनी डॉक्टरला तसं कळवलं. पट्टीसाठी दातांचं माप दिलं गेलं. मैनाला मात्र त्या म्हणाल्या, "पट्टी मिळेतवर रोज बघायला सांगितलंय." डॉक्टर असं काही बोलली नव्हती.

मैना रोज येऊ लागली. कधी करंदी, कधी लसूण. उठल्यावर दोघी चहा घ्यायच्या. मैना सुनेचं गाऱ्हाणं सांगायची, सगुणाबाई आपल्या बंद केलेल्या खाणावळीतली गिऱ्हाइकं आठवायच्या. मैना जेवली तर म्हणून भात त्या आता दोन मुठी जास्त टाकायच्या.

मग पट्टी आली. पहिल्या दुपारी ती घालून त्या झोपल्या. उठल्या तेव्हा मैना सूप घेऊन उभीच होती.

"काय पन आवाज न्हाय वयनी. सुटलीस."

सगुणाबाईंनी पट्टी काढली. "चहा टाकते."

"नको, आज पावनं येयाचंत. येते मी."

"उद्या?"

"उद्या कशाला? बरी झालीस ना आता."

"व्हय," सगुणाबाई म्हणाल्या. "झाले."

दुसऱ्या दुपारी त्यांनी चटई अंथरली, पट्टी धुऊन दातांवर बसवली. दार नुसतं लोटलं, कडी घातली नाही. वाटेवरून कुणाची तरी पावलं आली आणि तशीच जेटीकडे गेली. सगुणाबाईंनी दाराकडे तोंड करून कूस बदलली आणि डोळे मिटले.