दहा नंबरचं नेटवर्क कार्ड

मी जळालेलो नाही, मित्रांनो. मी एक जुनं नेटवर्क कार्ड आहे आणि वरूडच्या एका संत्रा पॅकिंग केंद्रात, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.

माझ्या खोक्यावर ‘प्लग अँड प्ले’ असं छापलं होतं. म्हणजे मला नुसतं खोचायचं. बाकीचं संगणक आणि मी आपसात ठरवणार. केंद्राचे मालक खुशालराव यांनी मला अमरावतीहून आणलं आणि संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्या यंत्राच्या संगणकात बसवलं. यंत्राने मोजलेला माल मी पुढच्या ऑफिसातल्या संगणकाला कळवायचा, मग तिथून ट्रकची बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक पावती, निघायची.

पण जमेना. प्रोसेसरला हाक मारायला प्रत्येक कार्डाला आपला नंबर लागतो. मी आपोआप पाच नंबर घ्यायचो आणि त्याच संगणकात आधीपासून बसलेल्या, प्रतवारी यंत्राच्या कार्डाचाही तोच होता. दोघं एकदम हाक मारायचो, संगणक हँग व्हायचा.

तेव्हा यंत्र सांभाळणाऱ्या धर्मपालने फ्लॉपी घातली, माझं प्लग अँड प्ले बंद केलं आणि मला दहा नंबर दिला. संगणकाच्या सेटिंगमध्येही तो माझ्यासाठी राखून ठेवला.

"आता भांडू नका बाप्पा," तो हसून म्हणाला.

त्यानंतर कित्येक हंगाम मी एकदाही अडलो नाही. पाहुणे आले की धर्मपाल कॅबिनेटवर हात ठेवून सांगायचा, "हे कार्ड माह्या घरचं माणूस हाये." मला ते खरं वाटायचं.

गेल्या हंगामात संगणकातली छोटी बॅटरी संपत आली. सेटिंग लक्षात ठेवते ती हीच. रोज संगणकाचं घड्याळ मागे पडायचं. खुशालरावांनी नवी बॅटरी आणूनही दिली. धर्मपाल "उद्या टाकतो" म्हणत राहिला. एका सकाळी संगणक सगळं विसरला आणि माझा दहा नंबर त्याने दुसऱ्याच कार्डाला देऊन टाकला. मी हाका मारत होतो, कुणी ऐकत नव्हतं. बाहेर भरलेले ट्रक उन्हात उभे होते.

"बिल्टी काहून निघून नाही राहिली?" खुशालराव ओरडले.

धर्मपालने पडद्यावरचं चुकीचं घड्याळ पाहिलं. त्याला सगळं कळलं.

"कार्ड जळालं, मालक," तो म्हणाला.

त्याने मला उपसून काढलं, नवं कार्ड बसवलं आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून बॅटरीही बदलली, दहा नंबर पुन्हा राखून ठेवला. ट्रक निघाले. खुशालरावांनी त्याची पाठ थोपटली.

उन्हाळ्यात खुशालराव म्हणाले, "शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरले असंच कार्ड पायजे. ते जळालेलं एकदा तपासून पाय. चालत असन तर देऊन टाकू."

मुलांमध्ये जायचं! मला केवढा आनंद झाला. धर्मपालने मला पुन्हा खोचलं, वायर जोडली. माझा हिरवा दिवा लागला. तो दिव्याकडे बघतच राहिला.

"काय रे, चालते का?" खुशालराव दारातून आत येत म्हणाले.

धर्मपालने दिव्यावर अंगठा ठेवला.

"नाही मालक. म्हटलं होतं ना, जळालं."

मित्रांनो, बंद पडलेली वस्तू टाकून देण्याआधी तपासा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझं मागणं थोडं पुढचं आहे. तपासल्यावर ती चांगली निघाली, तर तसं मोठ्याने सांगा.