उलटी गाडी म्हणे मला!

मी एक जुनी इटालियन मोटरसायकल आहे, आणि मित्रांनो, सध्या मी फार चिडलेली आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावे, आधी जन्म सांगावा, मग कामाची वर्षे सांगावीत आणि शेवटी डोळे पुसावेत, अशी रीत आहे. रीत मी पाळीन. डोळे पुसणे मात्र माझ्याकडून होणार नाही, कारण मला रडू आलेले नाही, राग आला आहे.

माझा जन्म इटलीतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझी टाकी हातांनी घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर लाल रंगाचे थर चढवले. त्या काळी आम्हा इटालियन गाड्यांचा गियर उजव्या पायाला असे आणि मागच्या चाकाचा ब्रेक डाव्या पायाला. पुढे सगळीकडे वेगळी पद्धत आली. गियर डावीकडे गेला, ब्रेक उजवीकडे आला. जी पद्धत पुष्कळांची ती सुलटी आणि उरलेली उलटी, असे लोकांनी परस्पर ठरवून टाकले. मला कोणी विचारले नाही, पण त्याचे तेव्हा मला एवढे वाटले नव्हते.

जहाजातून दूर आणल्यावर मी एका दुकानाच्या कोपऱ्यात बरेच दिवस उभी होते. गिऱ्हाइके यायची, माझ्या टाकीवरून हात फिरवायची, एक फेरी मारायची आणि तोंड वाकडे करून परत यायची. पाय चुकतो म्हणायची. दुकानदारही माझ्यावर कावलेला होता. अशात एके दिवशी बाई आल्या.

बाई कवळ्या बनवतात. शहरातले निम्मे म्हातारे त्यांच्याच कृपेने हसतात. लहानपणीच्या एका दुखण्याने बाईंचा डावा घोटा आखडला, तो कायमचाच. त्या पायाने त्यांना दाबता येते, जोर लावता येतो, पण पाऊल वर उचलता येत नाही. आणि डाव्या गियरच्या गाडीत गियर वाढवायचा म्हणजे बुटाचे टोक दांडीखाली घालून ती वर उचलावीच लागते. बाई कितीतरी दुकाने फिरल्या होत्या. प्रत्येक जण त्यांच्या चालण्याकडे बघून म्हणायचा, "तुम्ही स्कूटर घ्या ना! पुढे छान बास्केट लावून देतो." बाईंना बास्केट नको होती. त्यांना डोंगरातले रस्ते हवे होते.

"ही बघू नका," आमच्या दुकानदाराने त्यांना सांगितले. "हिचं सगळंच उलटं. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला."

"पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा सांगितले.

"मग हीच द्या."

मित्रांनो, मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले की माझ्या अंगी खोट नव्हती. माझे माणूस यायचे राहिले होते, एवढेच.

बाईंनी मला घरी नेऊन माझ्यात बदल केले. हो, केले! कोणी हात लावला म्हणून मी चिडले आहे असे समजू नका. त्यांनी ब्रेकची पट्टी रुंद करून घेतली, म्हणजे सगळा तळवा तिच्यावर टेकेल. हँडल उंच केले. वाऱ्यासाठी पुढे काच लावली. गियरच्या दांडीचे रबर झिजले, तेव्हा कवळीच्या हिरड्यांसाठी असतो तो गुलाबी मसाला ओतून त्यांनी स्वतःच एक बोंडूक बनवले. दिसायला ते काही फार देखणे नव्हते. पण बाईंच्या बुटाला ते असे बसायचे, की गियर टाकताना खाली बघावे लागत नसे. मागे त्यांनी पाठ टेकायला गादी असलेले रुंद सीट बसवले. ते त्यांच्या यजमानांसाठी.

यजमान भूगोलाचे शिक्षक. त्यांना गाडी चालवायची भीती वाटते, पण फिरण्याची हौस दांडगी. गळ्यात कायम थर्मास, म्हणून सगळे त्यांना थर्मासकाका म्हणतात. चहाच्या टपरीवर हमखास कोणी तरी दात काढत विचारायचे, "काय काका, बायको पुढे आणि तुम्ही मागे?"

"मग काय दोघांनीही पुढे बसायचं?" काका शांतपणे म्हणायचे आणि नकाशा उघडायचे.

आम्ही किती फिरलो म्हणून सांगू! खिंडी ओलांडल्या, नदीकाठचे खडीचे रस्ते तुडवले, धुक्यात ट्रकच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून उतरलो. उंचावर हवा विरळ झाली की मला खोकला यायचा. बाई रस्त्याच्या कडेला माझा कार्बोरेटर उघडायच्या आणि काका थर्मासच्या झाकणात स्क्रू सांभाळायचे. एकदा बोलता बोलता त्यांनी त्याच झाकणात चहा ओतला. बाईंनी एक एक स्क्रू चहातून काढून पुसला आणि वर म्हणाल्या, "साखर जास्त झालीय हो." मी पहिल्या किकला सुरू झाले. माझी किक डाव्या अंगाला आहे. बाई खाली माझ्या डावीकडे उभ्या राहून उजव्या पायाने ती मारतात, जणू कारखान्याने त्यांच्यासाठीच ती तिथे बसवली होती.

चालताना बाई लंगडतात. माझ्यावर बसल्या की लंगडत नाहीत. माझ्या आयुष्यात मी याहून मोठे काम केलेले नाही, आणि करायची इच्छाही नव्हती.

मग काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. बाई घरात अडकल्या आणि मी शेडमध्ये चादरीखाली. पेट्रोल टाकीतच शिळे झाले, बॅटरी झोपली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. घरात माणूस आजारी असताना गाडीने रुसून बसू नये.

तक्रार आहे ती बाईंच्या भाच्याबद्दल. तो त्यांच्या भावाचा मुलगा. नोकरी चांगली, स्वभाव चांगला, आत्यावर जीव, आणि गाड्यांचे वेड तर विचारू नका. दिवसरात्र मोबाइलवर सजवलेल्या गाड्या बघायचा. आत्याची साठी जवळ आली तशी त्याच्या डोक्यात कल्पना शिरली. "सर्व्हिसिंगला नेतो गं आत्या," असे सांगून त्याने मला टेम्पोत घातले आणि नेले ते थेट गाड्या सजवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे कॉफीचे यंत्र होते, भिंतीवर निळे दिवे होते, आणि मालकाची दाढी माझ्या हँडलपर्यंत आली असती.

"क्लासिक आहे," दाढीवाला माझ्याभोवती फिरत म्हणाला. "पण हिला कॅरॅक्टर द्यायला पाहिजे."

मला कॅरॅक्टर देणार! ज्या खिंडीत या दोघांच्या नव्या गाड्या धापा टाकतील, तिथे मी नवराबायको आणि सामान घेऊन चढले आहे. पण गरीब बिचारी गाडी, बोलणार काय?

त्यांनी माझी काच काढली. उंच हँडल काढून खाली वाकायला लावणारे आखूड दांडे बसवले. लाल रंग खरवडून काळा फासला, तोही चमक नसलेला. मागचे सीट उचकटले आणि ग्राइंडर लावून माझी मागची फ्रेम कापली. ठिणग्या उडत होत्या आणि भाचा त्याचे शूटिंग करत होता. गियरच्या दांडीवरचे गुलाबी बोंडूक बघून तो म्हणाला, "ई, इथे च्युइंगम कुणी चिकटवलं?" आणि ते त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडून कचऱ्यात टाकले.

मग साहेब चाचणीला निघाले. गल्लीच्या टोकाला वळताना त्याला थांबायचे होते. त्याने सवयीने उजवा पाय दाबला. तिथे ब्रेक नव्हता, गियर होता. मी थांबायच्या ऐवजी गियर बदलला आणि आम्ही दोघे समोरच्या कचराकुंड्यांत शिरलो. अंगावरची साले झटकत तो ओरडला, "ही गाडीच उलटी आहे यार!"

उलटी मी? चुकला तुझा पाय! याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

"सोपं आहे," दाढीवाला म्हणाला. "एक सळई आरपार घालून गियर डावीकडे आणू, ब्रेक उजवीकडे. आजकाल सगळे करून घेतात."

"मस्त! आत्यालाही सोपं जाईल."

दाढीवाल्याने पाना खाली ठेवला. "चालवणार त्याच ना? त्यांना एकदा विचारायचं का?"

"विचारलं तर सरप्राइज कसलं राव!"

मित्रांनो, त्या क्षणी कोणी नुसती काडी दाखवली असती तरी मी पेटले असते. ज्या माणसाने आयुष्यभर आत्याला माझ्यावर बसलेली पाहिले, तिच्यासोबत फोटो काढले, मित्रांना मोठ्या तोंडाने तिच्या सफरी सांगितल्या, त्याने एकदाही खाली तिच्या पायांकडे बघितले नव्हते. तो नेहमी मलाच बघत होता.

वाढदिवसाला मला बाईंच्या अंगणात उभी केली. भाच्याचे मित्र मोबाइल सरसावून उभे. चादर ओढली तसा एकच गलका झाला. काका काठी टेकत पुढे आले आणि जिथे त्यांचे सीट होते त्या जागेकडे बघत राहिले. बाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली. त्यांचा हात टाकीवर आला, मग गियरवर, आणि तिथे थांबला.

"छान केलंस," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून मला कळले की त्यांनी दातांवर दात घट्ट ठेवले आहेत.

"चालवून दाखव ना, आत्या!"

बाईंनी किक मारली. मी लगेच सुरू झाले, निदान तेवढे तरी माझ्या हातात होते. पहिला गियर आता डाव्या पायाने खाली दाबून पडत होता, तो त्यांनी दाबला. आम्ही फाटकाबाहेर पडलो. दुसरा टाकायला दांडी वर उचलायची होती. बाईंनी मांडी उचलली, गुडघा वळवला, बुटाचे टोक कसेबसे खाली घातले. घोटा हलला नाही. पुन्हा प्रयत्न केला. हलला नाही. आम्ही अख्ख्या रस्त्याला पहिल्याच गियरमध्ये वळसा घातला. माझे इंजिन किंचाळत होते आणि अंगणातली पोरे टाळ्या पिटत होती. "काय आवाज काढतेय आत्या!" म्हणत होती.

काकांनी काठी आपटली. "बंद करा रे ते मोबाइल!"

मोबाइल खाली गेले. बाई उतरल्या. भाचा हसत पुढे आला. "आत्या, दुसरा का नाही टाकलास?"

"बस गाडीवर," बाई म्हणाल्या.

तो बसला. बाई त्याच्या डाव्या पायापाशी खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी त्याचा घोटा पकडला. प्लॅस्टर मळणारे, धातू वाकवणारे हात ते. "आता टाक दुसरा."

त्याने पाय उचलायचा प्रयत्न केला. "अगं सोड ना."

"नाही सोडणार. माझा कोण सोडतंय? टाक."

तो ओढत राहिला, त्याचे कान लाल झाले. मग त्याचा पाय ढिला पडला आणि तोंडही उतरले. मित्र एकमेकांकडे बघायला लागले.

"आत्या, माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"मी लंगडते ते तुला माहीत होतं रे. गाडीवर लंगडत नव्हते, म्हणून तू विसरलास." त्या उठल्या, गुडघ्याची माती झटकली. "एक ही होती मला जमणारी. बाकी सगळं जग डाव्या पायाचं आहे, ते काय कमी होतं?"

काका हळूच म्हणाले, "आणि मी कुठे बसायचं ते पण सांग बाबा."

भाचा खाली उतरला आणि टेम्पोवाल्याला फोन लावायला लागला.

त्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये दाढीवाल्याने सळई काढून माझा गियर उजव्या पायाला परत दिला. भाचा धावत निरोप घेऊन गेला. बाईंनी त्याला दारातूनच विचारले, "मागचं सीट?" ते अजून नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग मी कशी निघू? यांना फाटकात उभं करून?" आणि त्यांनी दार लावून घेतले.

म्हणून मी अजून इथेच आहे, निळ्या दिव्यांखाली. कापलेली फ्रेम जोडणे हे कापण्याइतके सोपे नसते. भाचा रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट येतो. पहिल्या दोन वेळा जोड वाकडा आला, पुन्हा कापावा लागला. तो आता शूटिंग करत नाही. काल त्याने सीटच्या पाठीची पट्टी हातात धरली, बराच वेळ ती वर खाली करून बघितली, आणि मग बाईंना फोन लावला.

"आत्या, काकांना पाठ टेकायला किती उंच लागतं?"

 पलीकडून बाईंनी माप सांगितले.

माझा राग गेला असे समजू नका. इतक्यात जाणारही नाही. पण मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाची तरी जुनी वस्तू असेल, ओबडधोबड, चुकीच्या बाजूला कान असलेली, तुमच्या मते उलटी. ती सुधारायचे तुमच्या मनात येईल, आणि तेही प्रेमानेच येईल. तेव्हा पाना उचलण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाकडे जा आणि विचारा. विचारायला पेट्रोल लागत नाही.