बाबांच्या गालावरचा तीळ

घरात तिला सगळे ठसाबाई म्हणत. नाव थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, चिडवायला ठेवलं होतं; पण तिने ते असं काही मिरवलं की चिडवण्यातली गंमतच गेली. विमा कचेरीतली बसल्या जागेची नोकरी सोडून ती रबराचे ठसे कोरायला लागली आणि त्यांची शुभेच्छापत्रं करून विकायला लागली, तेव्हा दादाने कपाळाला हात लावला होता. "ठसेच मारायचे होते, तर कचेरीत काय वाईट होतं?" असं तो अजूनही विचारायचा. "तिथले ठसे दुसऱ्याचे होते," असं म्हणून ती कोरणीला धार लावायला घ्यायची.

पण या वेळी प्रकरण थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. बाबा आपलं कटिंगचं दुकान बंद करणार होते. हात अजून वस्तऱ्याला शोभतील असे स्थिर होते, गुडघ्यांनी मात्र संप पुकारला होता, आणि हे काम उभ्यानेच करायचं. येत्या रविवारी शेवटची दाढी, मग कुलूप, असं त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं. कुलूप लावण्याआधी नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात एक कार्ड ठेवायचं, एवढीच त्यांची हौस होती. दादा लगेच म्हणाला, "तुमचा छान फोटो टाकून छापून आणतो. एका दिवसात काम फत्ते!"

बाबांनी मान हलवली. "जन्मभर हाताने काम केलं. कार्डही हाताचंच हवं." आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं.

आता हे बाबा म्हणजे असे, की पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरीला "बरं झालं" म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालणारे. त्यांनी आपण होऊन तिच्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. ठसाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण बाबांनी लगेच मेख मारून ठेवली. "तुझी आई बघून हो म्हणेल, तरच वाटायचं. मला माझ्या थोबाडातलं काही कळत नाही." आईने नाही म्हटलं तर दादाची छापील कार्डं होतीच, छापखान्यात तो फोटो आधीच देऊन आला होता. हे कार्ड नापास झालं, तर या घरात तिचा धंदा कायमचा पोरखेळ ठरणार होता, आणि बाबांनी मागितलेली एकुलती एक गोष्ट तिला जमली नाही असं होणार होतं. ठसाबाईला त्याची बिलकुल धास्ती वाटली नाही. जमणार नाही, हा विचार तिच्याकडे वस्तीला येतच नसे.

दुकानात काम करताना काढलेला बाबांचा एक फोटो तिच्या फोनमध्ये होता. हातात कंगवा, गिऱ्हाइकाकडे रोखलेली नजर आणि ओठाच्या एका कोपऱ्यातून निसटलेलं हसू. तिने तोच घेतला. ठसा कोरण्याची रीत सोपी आहे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र उतरवायचं, तो कागद रबरावर पालथा घालायचा आणि नखाने घासायचा. रबरावर चित्र उलटं बसतं, ते कोरलं की कार्डावर सुलटं उमटतं. पालथ्याचं उताणं होऊ नये म्हणून ती कागदाच्या कोपऱ्यात नेहमी एखादं अक्षर लिहून ठेवायची. अक्षरावरून बाजू कळायची. या वेळी तिने ते लिहिलं नाही. आपल्या बापाचा चेहरा ओळखायला खूण कशाला लागते, असं तिला वाटलं.

रेघा जरा फिकट आल्या होत्या. तिने कागद खिडकीच्या काचेला टेकवला आणि मागच्या बाजूनेही त्या गिरवून घेतल्या. तेवढ्यात आईने चहाला हाक मारली. चहा पिऊन ती परत आली, दोन्हीकडून काळा झालेला तो कागद उचलला आणि रबरावर ठेवून घासायला लागली. कुठली बाजू खाली गेली, हे बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

मग मात्र तिने जे कोरलं त्याला तोड नव्हती. भुवईचा एकेक केस, कानाची पाळी, गालावरचा तीळ, सगळं त्या रबरात उतरलं. ठशाला दाट तपकिरी शाई लावून तिने पहिला नमुना काढला, आणि कागद उचलल्यावर ती हसलीच. बाबा! अगदी आत्ता "मान खाली" म्हणतील असे. तिने आजवर कोरलेला हा सर्वांत खरा चेहरा होता. कार्डाच्या घडीलगत लावायला रंगीत कागदाची पट्टीही तिने घरीच केली. ताटात दाटसर पाणी घ्यायचं, त्यावर रंगाचे थेंब तरंगत सोडायचे आणि त्यांतून कंगवा ओढायचा. रंगांच्या लाटा होतात आणि वर कागद टेकवला की त्या कागदावर चढतात. कंगवा अर्थातच बाबांचा होता, दात पडल्यामुळे दुकानातून निवृत्त झालेला. ताटही गेलं म्हणून आईने तोंडाचा पट्टा सोडला, पण ठसाबाईने तो कानाआड केला.

शुक्रवारी सकाळी सगळी कार्डं टेबलावर मांडून तिने आईला बोलावलं. आईने हात पुसले, चष्मा लावला आणि एक कार्ड उचललं. ते खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं.

"सुंदर केलंयस," आई म्हणाली. "पण हे ते नव्हेत."

"म्हणजे?"

"त्यांचा तीळ डाव्या गालावर आहे. तू उजवीकडे काढलास. भांगसुद्धा भलतीकडे. आणि हे असं हसतात कधी ते? मी तरी नाही पाहिलं."

दादा दाढीचा फेस गालावर तसाच घेऊन धावत आला. "बघू, बघू! अरे वा! ठसाबाईंनी वडील बदलले!" तो हसायला लागला, मग तिच्याकडे बघून थांबला. "अगं, होतं असं. मी दुपारी छापखान्यातून कार्डं छापून घेतो. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

ठसाबाईने ठसा हातात घेतला, फोन शेजारी धरला आणि तिच्या लक्षात सगळं आलं. खिडकीची काच, मागून गिरवलेल्या रेघा, चहा, आणि मग उताणाच ठेवलेला कागद. इतकी वर्षं काम करून नवशिक्याची चूक! तिचे कान तापले. पण पुन्हा कार्डाकडे पाहिलं, तर तिथे बाबाच होते. फोटोतल्यापेक्षाही बाबा. हे काय गौडबंगाल आहे, ते तिला समजेना.

"चित्र उलटं उमटलं, हे खरं," ती म्हणाली. "पण चेहरा चुकलेला नाही. आई, अजून नाही म्हणू नकोस. संध्याकाळपर्यंत थांब. दादा, तूही थांब."

"संध्याकाळपर्यंत तीळ काय चालत जाणार आहे का?" दादा म्हणाला, पण थांबला.

ती तडक दुकानात गेली. लहानपणी शाळा सुटली की ती इथेच येऊन बसायची, भिंतीलगतच्या बाकावर, पाटी मांडीवर घेऊन. आजही ती त्याच बाकावर बसली. खुर्चीत घड्याळं दुरुस्त करणारे काका होते, गालांना साबण लावून तयार. बाबा त्यांच्या पाठीमागे उभे राहून मानेवरचे केस काढत होते. आत आलेल्या लेकीला त्यांनी मान न वळवता, समोरच्या आरशातूनच विचारलं, "काय गं? आईचं काय म्हणणं?"

तिने उठून कार्ड घड्याळवाल्या काकांच्या हातात दिलं. "काका, हे कोण?"

काकांनी पांढऱ्या कापडाखालून हात काढला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि साबण उडवत म्हणाले, "हुबेहूब! अगं, फोटो काढलास की काय? हा तीळ, हे हसू, सगळं जिथल्या तिथे!" आणि पडताळून पाहायला त्यांनी मान वर केली. ते मागे वळले नाहीत. त्यांनी आरशात पाहिलं.

त्यांच्या नजरेमागोमाग ठसाबाईची नजर गेली, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. आरशातल्या बाबांचा तीळ कार्डावर होता तिथेच होता. भांग तिथेच. या खुर्चीत बसणाऱ्या माणसाने दारातून आत येताना बाबांना क्षणभर समोरून पाहिलेलं, एवढंच. बाकी सगळा काळ बाबा त्याच्या पाठीशी आणि तो आरशाकडे तोंड करून. वर्षानुवर्षांच्या गप्पा, थट्टा, गावभरच्या बातम्या, सगळं त्या काचेतून. आणि ती स्वतः? बाकावर बसून पाटीवरून डोकं वर काढलं की तिला समोर आरसाच दिसायचा.

बाबांनी ओले हात पुसून कार्ड घेतलं. कार्डाकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं. "मीच आहे की," ते म्हणाले. "दाढी करताना रोज यालाच बघतो." मग त्यांनी वस्तरा परत उचलला. त्यांच्या हिशोबाने ही भलतीच मोठी स्तुती झाली होती, आणि ठसाबाईला ती पोचली.

एरवी डबा मागवणारे बाबा त्या दुपारी घरी जेवायला आले, तेव्हा तिने आईला सगळं सांगितलं. आई बधली नाही. "गिऱ्हाइकांना काय कळतंय? संसार कुणी केला यांच्याबरोबर, त्यांनी की मी? माझ्या समोर बसून जेवतात ते रोज रात्री. तीळ या बाजूला आहे." तिने भाताच्या चमच्यानेच बाबांच्या गालाकडे नेम धरला. दादाने विजयी मुद्रेने छापखान्याला फोन लावायला घेतला.

"तू संध्याकाळी दुकानात ये," बाबा शांतपणे म्हणाले.

"मी कशाला?"

"ये तर खरी."

आई रोज दुकानापर्यंत जायची, पण डबा घेऊन, पायरीपर्यंत. आत पुरुषमाणसं बसलेली असत. बाबा बाहेर येऊन डबा घेत आणि ती परत फिरे. इतक्या वर्षांत उंबऱ्याच्या आत तिने पाऊल टाकलं नव्हतं, आणि तिला कधी तसं वाटलंही नव्हतं. त्या संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर बाबांनी खुर्ची झटकली आणि म्हणाले, "बस."

"इथे? अहो, काहीतरीच काय!"

"बस गं आई," ठसाबाई म्हणाली. दादा दाराला टेकून उभा होता.

आई संकोचत बसली. खुर्ची वर गेली तशी तिने दोन्ही हातांनी दांडे पकडले. बाबांनी धुतलेलं कापड झटकून तिच्या खांद्यांवर टाकलं, मानेमागे गाठ मारली, तिचा अंबाडा सोडला आणि कंगवा हातात घेतला. मग ते किंचित वाकले, आरशातून तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओठाच्या एका कोपऱ्यातून हसत विचारलं, "बोला. कसे कापू?"

आई आरशाकडे बघतच राहिली. बाबा सावकाश तिचे पांढरे केस विंचरत होते. गुंता आला की मुळाशी बोट धरून सोडवत होते, तिला कळू न देता. आणि तोंडाने त्यांची टकळी चालू होती: आज कोण आलं होतं, काकांनी साबण कुठे कुठे उडवला, पलीकडच्या मास्तरांनी टकलावर कुठली कटिंग मागितली. घरी घास मोजल्यासारखे शब्द बोलणारा माणूस! मास्तरांच्या टकलापाशी आई खुदकन हसली.

"सगळ्यांशी असं बोलता?" तिने विचारलं.

"सगळ्यांशी."

"असंच हसून?"

"मला कुठे माहीत, मी हसतो ते?" बाबा म्हणाले. "हात चालू झाला की तोंडही चालू होतं."

आईने कापडाखालून हात काढून लेकीपुढे केला. ठसाबाईने कार्ड दिलं. आईने ते आरशाशेजारी धरून पाहिलं, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. तिचा चष्मा ओला झाला होता. "एवढी वर्षं डबा पायरीवरच दिला मी," ती म्हणाली. मग नाक ओढून दादाकडे वळली. "छापखान्याला नको म्हणून सांग. हीच वाटायची."

दादाने मुकाट फोन काढला. जाता जाता बहिणीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "जिंकलीस, ठसाबाई." तिने त्यालाही रविवारी कार्डं वाटायच्या कामाला जुंपून टाकलं.

तिला आता हवेत तरंगल्यासारखं वाटत होतं. आईसाठी काय करू नि काय नको असं झालं. "आई, तुझ्यासाठी मी वेगळा ठसा कोरते," ती म्हणाली. "सुलटा उमटेल असा. तीळ बरोबर डाव्या गालावर, तू रोज बघतेस तस्सा."

आईने कार्ड पदराखाली धरलं आणि आरशातल्या माणसावरची नजर न काढता मान हलवली.

"नको," ती म्हणाली. "सुलटा आहे माझ्याकडे घरी. मला हा दे."