बोळक्या तोंडाची शिकवणी

सुनेने उत्तर खोडलं, पुन्हा लिहिलं आणि स्वतःशीच मोठ्याने वाचलं, "पाच घन सेंटिमीटर म्हणजे पन्नास घन मिलिमीटर."

समोर शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. सुनेने पन्नासवर काट मारून शून्य पूर्णांक पाच लिहिलं. सासूबाईंनी डोळेच मिटून घेतले.

उरलेसुरले दात काढल्यापासून त्या तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी बसणार नव्हती. जन्मभर बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारी बाई. गाडी उशिरा येणार हे त्यांच्या तोंडून ऐकलं की रागही येत नाही, असं प्रवासी म्हणायचे. आता ते बोळकं कुणाला दाखवायचं नाही, म्हणून सगळं घर खुणांवर चाललं होतं.

सून दंतवैद्यकाच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. जीवशास्त्र तोंडपाठ, रसायनशास्त्रही बरं. पण एककांचं रूपांतर आलं की गुणायचं की भागायचं इथेच तिचे हातपाय गळायचे. मागच्या खेपेला तिथेच घोड्याने पेंड खाल्ली होती. आणि वयाची अट अशी, की यंदा नाही तर कधीच नाही.

"मग पाचशे?" ती रडकुंडीला आली.

"पाच हजार!" सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं. "लांबीला दहाने, रुंदीला दहाने, उंचीलाही दहाने. थीनदा गुणायचं गं, थीनदा!"

सून बघतच राहिली. मग तिच्या पोटातून हसू उसळलं. ओठ चावून पाहिले, तरी ते आवरेना. सासूबाई आधी फणकारल्या, तोंडावर हात नेला, आणि हाताआडूनच फस्सकन हसल्या.

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"थीन दिवश थेच गणिथ ऐकथेय. न राहवून पुश्थक उघडलं. मागे उथ्थरं अशथाथ."

तेव्हापासून शिकवणी सुरू झाली. सासूबाई दुपारी पुस्तकाशी झटापट करायच्या आणि संध्याकाळी भांडी विसळता विसळता सुनेवर प्रश्न सोडायच्या. त्यांचा प्रश्न कळायलाच आधी कान टवकारावे लागत. तो कळेपर्यंत सुनेच्या डोळ्यांसमोर खोका उभा राहायचा, त्यात खडीसाखरेएवढे ठोकळे रचले जायचे, आणि घाबरायचं राहूनच जायचं.

"एका लिटरमध्ये किथी डेशीलिटर?"

"आई, देशी कधीपासून सुरू केलीस?" पलीकडच्या खोलीतून त्यांच्या मुलाने विचारलं.

"थू गप्प बश!"

"दहा!" सून ओरडली.

परीक्षेच्या सकाळी तिघंही केंद्राच्या फाटकाशी उभी होती, तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. बोलून झाल्यावर तो आईकडे वळला.

"दातांच्या दवाखान्यातून होता. कवळी कधीची तयार आहे, कुणी न्यायलाच येत नाही म्हणाले. मागच्या आठवड्यात तुला कळवलं होतं?"

सुनेने आत जाता जाता पाऊल मागे घेतलं. "आई?"

सासूबाई फाटकावरची सूचना वाचू लागल्या.

"नवी कवळी बशवली की शुरुवाथीला धड बोलथा येथ नाही म्हणे," त्या म्हणाल्या. "ऐन परीक्षेथ शिकवणी बंद ठेवायची का?"

सुनेने त्यांचा हात धरला, दाबला, आणि त्या "जा, जा" म्हणेपर्यंत सोडलाच नाही.

आत घन मिलिमीटरचा प्रश्न आला तेव्हा तिला हसू फुटलं. पर्यवेक्षकाने मान उंचावून पाहिलं. तिने तीनदा गुणलं, उत्तरावर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

यादीत तिचं नाव लागलं ते पुढे महिनाभराने. परीक्षेच्या त्या दुपारी मात्र ती केंद्रातून बाहेर आली, तर फाटकाजवळच्या पायऱ्यांवर पालकांचा घोळका जमलेला. मधोमध सासूबाई, बोळकं सताड उघडं. कुणाचे तरी वडील डोळे पुसत होते, इतके हसले होते.

"कसा गेला पेपर?" नवऱ्याने विचारलं.

"थांब, ऐकू दे," ती म्हणाली, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली.

"चार वेळा घोषणा केली," सासूबाई सांगत होत्या. "डायव्हरने थाबडथोब गाडीशी यावं. पाचव्या वेळी एक माणूश चहाचा कप घेऊन माझ्या खिडकीशी आला. म्हणथो, बाई, आवाज फार गोड आहे हो थुमचा. पण बोलावथाय कुणाला? मी म्हटलं, थुम्हालाच!"